रजा संपली तेव्हा
वर्गातली सगळ्यात भित्री मुलगी आज वनरक्षक आहे. १८० दिवसांची प्रसूती रजा संपत आली, तेव्हा घरात एकच विषय होता: नोकरी ठेवायची की सोडायची? नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात वाघांच्या खुणा शोधताना वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. ते आठवून सासूबाई म्हणायच्या, “पगाराशिवाय भागवू, पण तू जाऊ नको.” त्यांचं चुकत नव्हतं. पण मोहफुलांच्या दिवसांत गावातल्या बाया तान्ही लेकरं घरी ठेवून पहाटेच जंगलात जाताना दिसल्या. त्यांना ना रजा, ना पगार. वाघ कुठे आहे, हे त्यांना सांगायला कुणीतरी हवं. मी रुजू झाले. लेक सासूबाईंजवळ असते. भीती आजही वाटते. संध्याकाळी घरी पोचले, की दारातूनच सासूबाईंना हाक मारते.