कलाभवन, कापड आणि राजाश्रय

(नवागाम, सुरत येथे वाचनालयाच्या सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



मराठीच्या अध्यापकाने उद्योगधंद्यावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना खटकेल. परंतु अलीकडे 'ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था' हा शब्दप्रयोग सर्वतोमुखी झाला आहे, आणि त्यातला पहिला शब्द आमच्या प्रांतातला आहे. ज्ञान कोठे साठते, कोणत्या भाषेत साठते आणि कोणाच्या हाती लागते, हे प्रश्न भाषेच्या माणसाला परके नाहीत. उद्योजकाने नवे काही करावे म्हणून सरकारने काय करावे, हा आजचा विषय. त्यासाठी दूर जायचे कारण नाही. सुरतेच्या वेशीबाहेर पडून नवसारीकडे निघाले, की आपण एकेकाळच्या बडोदे संस्थानात पाऊल ठेवतो.

त्या संस्थानात 1890 साली महाराज सयाजीराव गायकवाड यांनी कलाभवन स्थापन केले. मागची प्रेरणा त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांची. हे गृहस्थ सुरतेचे, जन्म 1863 चा. बडोदे कॉलेजात ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला चाफेकर बंधूंनी डांबर फासले होते, तो पुतळा पुढे स्वच्छ करून देणारे रसायनतज्ज्ञ हेच. इतिहासाची ही गंमत मी वर्गात नेहमी सांगतो, आणि विद्यार्थी कोणाच्या बाजूने हसावे या संभ्रमात पडतात.

कलाभवनात रंगकाम, कापडछपाई, यंत्रकाम, सुतारकाम, चित्रकला असे विषय होते. त्यात मोठी गोष्ट अशी, की हे शिक्षण देशी भाषेत देण्याचा आग्रह धरला गेला. रंगाऱ्याच्या मुलाला आधी इंग्रजी आणि मग रंगाचे रसायन, असा वळसा गज्जरांना मान्य नव्हता. त्यासाठी गुजरातीत पारिभाषिक शब्द घडवणे आणि तांत्रिक ग्रंथ लिहवून घेणे, हे काम संस्थानाच्या आश्रयाने हाती घेण्यात आले. राजाश्रय म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कवी आणि गवई येतात. परिभाषेला राजाश्रय मिळतो, याचे आपल्याला फारसे कौतुक वाटत नाही.

या पेरणीतून काय उगवले? नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले आणि 1913 मध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटिभास्कर व अमीन यांच्या खटपटीतून 1907 मध्ये अलेम्बिक ही रसायने व औषधे बनवणारी कंपनी उभी राहिली. पुढच्याच वर्षी, 1908 मध्ये, महाराजांच्या पुढाकाराने बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. शिक्षण, प्रयोगशाळा, भांडवल, हा क्रम ध्यानात घ्यावा. चित्रपटाचा किंवा औषधाचा कारखाना निघावा म्हणून काही कलाभवन काढलेले नव्हते. जाणती माणसे तयार झाली आणि त्यांनी आपापल्या वाटा शोधल्या.

याच संस्थानाने उलटा प्रयोगही करून पाहिला होता. सरकारी पैशाने कापडगिरणी काढली, गणदेवीस साखरेच्या कारखान्यात पैसा घातला. गिरणी पुढे खासगी मालकांकडे गेली आणि साखरेचा तो प्रयत्न टिकला नाही. एकच राजा, तोच खजिना. जेथे सरकार स्वतः व्यापारी झाले तेथे ते फसले. जेथे त्याने माणूस शिकवला तेथे फळ आले, पण ते सरकारला अपेक्षित नव्हते अशा ठिकाणी आले. नव्या कल्पनांचे हेच दुखणे आहे. त्या अंदाजपत्रकाच्या रकान्यात आधी मांडता येत नाहीत.

आता ग्रंथालयाकडे वळतो. सयाजीरावांनी 1910 साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बोलावून संस्थानभर सार्वजनिक वाचनालयांची व्यवस्था घालून दिली. लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी हिंडत. 1906 पासून संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते आणि शिकलेले विसरू नये म्हणून ही सोय. तिचे तत्त्व मला फार शहाणपणाचे वाटते: गावाने वर्गणी जमवावी, मग पंचायतीने आणि सरकारने आपापला वाटा घालावा. गावाने हात हलवला नाही तर सरकारही हलणार नाही. आपल्यासारखी लोकवर्गणीवर जगलेली संस्था हे तत्त्व अनुभवाने जाणते.

हे सारे मनात ठेवून आपल्या अवतीभवती पाहू. नवागाम-डिंडोलीच्या परिसरात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्तीकाठच्या रेल्वेने आलेली हजारो कुटुंबे स्थिरावली ती यंत्रमागाच्या आधाराने. केंद्र सरकारने 1999 मध्ये वस्त्रोद्योगासाठी तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आणली. आधुनिक यंत्रासाठी कर्ज घेणाऱ्यास व्याजात पाच टक्क्यांची भरपाई मिळे, पुढे लहान यंत्रमागधारकांना थेट भांडवली अनुदानही मिळू लागले. सुधारित स्वरूपात ही योजना मार्च 2022 पर्यंत चालली. तिचा उपयोग झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. धोट्याच्या खडखडाटाच्या जागी वॉटरजेट आणि रेपियर आले. पाण्याच्या धारेवर बाणा वाहून नेणारे माग कित्येक पट वेगाने कापड विणतात.

परंतु ही यंत्रे आली बहुतांशी जपान आणि चीनमधून. अनुदान यंत्राच्या पावतीवर होते. यंत्र उघडून त्यात सुधारणा करू शकणाऱ्या डोक्यावर नव्हते. मागाचा 'मास्तर' मात्र शेजारच्या खात्यात पाहून, विचारून, प्रसंगी हात पोळून घेऊन शिकला. सुटा भाग मिळेना तेव्हा उधन्याच्या लेथवर त्याने तो घडवून घेतला, बेगमी साधली आणि माग चालू ठेवला. माझ्या मते नवनिर्मिती म्हणतात ती हीच. तिची नोंद कोठेही नाही, कारण नोंद करण्याची भाषा आणि सवड दोन्ही त्याच्यापाशी नव्हती. मीटरवर मजुरी घेणाऱ्या कारागिराला तर कल्पना सुचणेसुद्धा महाग पडते. माग थांबवून विचार केला, तर तेवढे मीटर बुडतात.

अलीकडची धोरणे या दिशेने थोडी सरकली आहेत, हे मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान 2000 मध्ये स्थापन झाले. अहमदाबादच्या प्रा. अनिल गुप्ता यांच्या हनी बी चळवळीतून ते उभे राहिले आणि शेतकरी-कारागिरांच्या युक्त्या शोधून, नोंदवून, पेटंटापर्यंत नेण्याचे काम करते. चळवळीचे एक सूत्र असे, की लोकांकडून घेतलेले ज्ञान लोकांच्या भाषेत त्यांना परत द्यावे. गुजरात सरकारनेही 2017 मध्ये विद्यार्थ्यांच्या नवउद्योगांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. ते मुख्यतः महाविद्यालयांच्या दारातून चालते. स्वाभाविकच ज्याच्या घरात अर्ज भरणारा आहे, त्याच्यापर्यंत ते लवकर पोहोचते. सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळेतून निघून वयाच्या सोळाव्या वर्षी खात्यात गेलेला मुलगा या दारापर्यंत येतच नाही.

म्हणून धोरणकर्त्यांना माझी मागणी साधी आहे. यंत्रावर दिल्या जाणाऱ्या प्रत्येक अनुदानाचा काही हिस्सा ते यंत्र चालवणाऱ्याच्या शिक्षणासाठी बांधून ठेवावा, आणि ते शिक्षण त्याला समजणाऱ्या भाषेत असावे: येथे गुजराती, मराठी, हिंदी, उडिया. मानवनिर्मित तंतूंवर संशोधन करणारी 'मंत्रा' ही संस्था सुरतेतच आहे. तिच्या प्रयोगशाळेतले निष्कर्ष खात्यातल्या मास्तरापर्यंत आणि मास्तरच्या अडचणी प्रयोगशाळेपर्यंत नेणारी माणसे नेमावीत. आणि बडोद्याचे ते वर्गणीचे तत्त्व येथेही लावावे. चार-पाच लहान मागधारकांनी मिळून एखादी सुधारणा करायला घेतली, आपला पैसा घातला, की सरकारने तेवढाच घालावा, आणि प्रयोग फसला तर वसुलीची नोटीस पाठवू नये.

सरकार हे करील तेव्हा करील. आपल्या कपाटांत कादंबऱ्या, चरित्रे, संतवाङ्मय विपुल आहे; त्याचा मला अभिमानच आहे, माझे पोट त्यावर चालले. परंतु वॉटरजेट मागाची देखभाल या विषयावर मराठीत एखादे साधे पुस्तक मागायला कोणी आले, तर ग्रंथपाल त्याच्या हाती काय देतील? असे पुस्तक लिहिण्याइतके ज्ञान असलेले चार-दोन मास्तर या वस्तीत सहज सापडतील. त्यांना लेखनिक हवा आहे. माझ्या मराठीच्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी दिवाळीच्या सुटीत त्यांच्याजवळ बसून उतरवून घेण्याची तयारी दाखवली आहे. अहिराणीत सांगितलेले ते प्रमाण मराठीत आणतील, आकृत्या यंत्रकाम शिकणारी मुले काढतील. छपाईचा निम्मा खर्च वाचनालयाने उचलावा, उरलेला निम्मा आम्ही वर्गणीतून जमवू, अशी विनंती मी आजच विश्वस्तांकडे लेखी देत आहे.