नवी संगणकप्रणाली : अडचणी आणि पूर्वतयारी



'विंडोज १०' या प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. साहजिकच 'विंडोज ११' स्वीकारण्याची निकड कार्यालयांना व शाळांना जाणवत आहे. परंतु तीस टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. त्यामुळे सुस्थितीत चालणारे अनेक जुने संगणकही अपात्र ठरतात. काही जुने प्रिंटर अडतात. युनिकोडपूर्व फाँटमधील मराठी मजकूर, तो फाँट नव्या यंत्रावर नसल्यास, निरर्थक चिन्हांचा दिसतो. कर्मचाऱ्यांचा वैताग रास्त आहे. पण खोळंबा होतो तो दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थाचा. म्हणून बदलापूर्वी दप्तराची स्वतंत्र प्रत ठेवावी, जुना मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि प्रथम एकाच संगणकावर चाचणी घ्यावी. प्रणाली बदलली तरी नोंद हरवता कामा नये.