घाम आणि नाक

पहाटेच्या स्नानाचा मराठी घराला अभिमान असतो, आणि तो रास्तच आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय वैद्यांच्या मते गरम पाण्याने रंध्रे उघडून रोग अंगात शिरे. म्हणून स्वच्छता म्हणजे नुसता धुतलेला सदरा! ‘शांपू’ हा शब्दही ‘चांपना’वरून इंग्रजीत गेलेला.

परंतु ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच. काखेतील जिवाणू त्याचे विघटन करतात, तेव्हा तो उपजतो. पूर्व आशियातील बहुसंख्यांना तर एका जनुकातील फरकामुळे तो फारसा येतच नाही. तेथे पुण्याई कसली? मग गवंडी दारात येताच सुशिक्षित घरांतील नाके का मुरडावीत? त्याच्या वस्तीतल्या नळाला पाणी येते, तेव्हा तो बहुधा कुणाच्या तरी घराच्या भिंती रचीत असतो.