चाल मागे ठेवून गेलेलं पथक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माहूरला शाळेत असताना 15 ऑगस्टला आमची प्रभातफेरी निघायची. पुढे लेझीम, मागे आम्ही, आणि सगळ्यांच्या तोंडी ‘सारे जहाँ से अच्छा’. एकदा एका मित्रानं सहज विचारलं, “हे गाणं तुमच्या लोकांचं ना रे?” मी ‘हो’ म्हणालो. त्यात थोडा अभिमान होता, थोडा संकोचही.

खरं उत्तर पुष्कळ वर्षांनी वाचनात सापडलं. इक्बालांचे शब्द 1904चे. पण आपण गातो ती चाल 1945ची, आणि ती एका फिरत्या नृत्यपथकात जन्मली.

1943च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं अन्नावाचून गेली. त्याच वर्षी मुंबईत ‘इप्टा’ ही जननाट्य संस्था स्थापन झाली. दुष्काळग्रस्तांसाठी निधी जमवायला 1944मध्ये तिचं मध्यवर्ती पथक अंधेरीच्या एका बंगल्यात राहू लागलं. उदय शंकरांच्या अल्मोडा केंद्रातून आलेले शांती बर्धन नृत्यं बसवत. संगीत द्यायला रविशंकर आले, वय अवघं पंचवीस. निरनिराळ्या प्रांतांतली मुलंमुली एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि ‘स्पिरिट ऑफ इंडिया’, ‘इंडिया इम्मॉर्टल’ हे बॅले घेऊन शहरोशहरी फिरत. गाण्याची आधीची चाल संथ, उदास होती. रविशंकरांनी तिला पावलांची लय दिली.

पथकामागे कम्युनिस्ट पक्ष होता. पुढे कलेचं ऐकायचं की पक्षाचं, ही ओढाताण सुरू झाली. रविशंकर बाहेर पडले. दोन-तीन वर्षांतच पथक मोडलं.

बर्धन मात्र थांबले नाहीत. क्षयानं शरीर पोखरलेलं असताना 1952मध्ये त्यांनी मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ उभा केला. माणसं कठपुतळ्यांसारखी नाचतात असं रामायण बसवलं. 1954मध्ये ते गेले. गुल बर्धन यांनी तो संच पुढे कित्येक वर्षं चालवला, ग्वाल्हेरला आणि मग भोपाळला.

आज तो मित्र भेटला तर सांगेन : शब्द लाहोरात शिकवणाऱ्या उर्दू कवीचे, चाल काशीत जन्मलेल्या बंगाली तरुणाची, ती घडली अंधेरीत, आणि गायली रेणुकामातेच्या नि सोनापीर बाबांच्या गावातल्या पोरांनी. आता तूच सांग, गाणं कुणाचं?