गाव 'सर्व्हिस रेडी', पण नेट कुठंय?

आजचा भाग छोटा आहे, पण जरा चिडून केलाय, आधीच सांगतो.

जुलैच्या शेवटी गावी होतो. आत्याचा पीक विम्याचा अर्ज राहिला होता, म्हणून तिला घेऊन ग्रामपंचायतीतल्या सेवा केंद्रात गेलो. बाहेर वीस-पंचवीस माणसं. आत केंद्र चालवणारा पोरगा स्वतःचा मोबाइल खिडकीच्या गजात अडकवून हॉटस्पॉटवर अर्ज भरत होता. एका अर्जाला पंधरा मिनिटं. आणि त्याच्या डोक्यावर, भिंतीला, फायबरची वायर जोडलेला एक पांढरा डबा. एकही दिवा पेटलेला नाही. विचारलं तर म्हणाला, "दादा, बसवला त्या दिवशी चालू होता. फोटो काढून गेले." पुढे रस्त्याचं काम निघालं, जेसीबीने केबल तोडली, तक्रार केली, कोणी आलं नाही.

आत्या मला म्हणते, "तू तर ह्यातलाच ना रे? बघ की जरा." आता मी काय बघणार! आमचा नंबर अंधार पडल्यावर लागला. मागचे सात-आठ जण तसेच घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख.

तर हा डबा भारतनेटचा. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये मनमोहन सिंग सरकारने ही योजना मंजूर केली, तेव्हा नाव होतं नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती, प्रत्येकीला १०० एमबीपीएस, आणि मुदत दोन वर्षांची. सरकार बदललं, २०१५ मध्ये नाव बदललं. पहिल्या एक लाख ग्रामपंचायती व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. मग १५ ऑगस्ट २०२० ला पंतप्रधान लाल किल्ल्यावरून म्हणाले, हजार दिवसांत सहा लाख गावांत फायबर. ते हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुधारित योजना आली, १,३९,५७९ कोटींची. म्हणजे यात कुठल्याच पक्षाने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये.

पैसे नव्हते असंही नाही. टेलिकॉम कंपन्या महसुलाचे ५ टक्के ज्या सरकारी निधीत भरतात, त्यातून हे चालतं. तुमच्या-माझ्या रिचार्जचाच भाग तो. २०२१ मध्ये १६ राज्यांसाठी खासगी कंपन्यांना बोलावून पाहिलं, तर निविदांना प्रतिसादच नाही.

माझा खरा राग 'सर्व्हिस रेडी' या शब्दावर आहे. संसदेत आकडा दिला जातो तो याचा: दोन लाखांहून जास्त ग्रामपंचायती सर्व्हिस रेडी. म्हणजे केबल पोचली, डबा बसला. आज तो चालू आहे का, हा वेगळाच प्रश्न. आमच्या कंपनीत सर्व्हर बंद पडला आणि मी म्हणालो "पण मी डिप्लॉय केलं होतं ना", तर मॅनेजर मला चहाला नाही, एचआरकडे घेऊन जाईल. (त्या विम्याच्या साइटही अडकतात बरं का, आणि त्या आमच्यासारखेच लोक लिहितात. तो वेगळा एपिसोड.)

शिवाय पहिल्या टप्प्यात बऱ्याच ठिकाणी तालुक्यापासून एकच सरळ लाइन ओढली. मध्ये तुटली की पुढची सगळी गावं बंद. नव्या योजनेत रिंग आहे, एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने डेटा येतो. आणि कंत्राटात तीन वर्षं बांधायची, पुढची दहा वर्षं देखभाल. हे चांगलंय, मान्य. पण देखभाल करायची असते हे कळायला बारा वर्षं?

आणि देखभाल झाली की नाही, हे आपल्याला दिसणार कसं? प्रत्येक ग्रामपंचायतीचं नेट गेल्या महिन्यात किती तास चालू होतं, एवढा एक आकडा रोज जाहीर करा. यंत्राला तो माहीत असतोच. बंद तासांचा दंड कंत्राटदाराला लावला का, तेही शेजारी लिहा. आमदार-खासदार मतं मागायला येतील तेव्हा किलोमीटर विचारू नका, हे तास विचारा.

गावी गेलात की ग्रामपंचायतीत डोकवा. डबा कुठे आहे, दिवा पेटलाय का, कधीपासून बंद आहे, एवढं विचारून मला व्हॉइस नोट पाठवा. तालुक्याचं नाव नक्की सांगा. पुढच्या भागात तुमच्या नोट्स वाजवतो.