ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीचे बेरिंग : निवड आणि निगा



दसरा झाला की आपल्या चौसाळा, नेकनूर, पाटोदा या भागातली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयत्यांना धार लावलेली असते. ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या जोडून माणसं कारखान्याच्या वाटेला लागतात. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, ज्वारीची पोती, पाण्याची टाकी, एखादी शेळी, आणि त्यावर लेकराबाळांसह माणसं. ट्रॉली ही माणसं नेण्याची गाडी नाही, कायद्याला ते मान्य नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही सगळा संसार त्याच ट्रॉलीतून अडीचशे-तीनशे किलोमीटर जातो, हेही खरं आहे.

निघायच्या आधी ट्रॅक्टरचं ऑइल बदललं जातं, टायर बघितले जातात, नारळ फुटतो. ट्रॉलीचं चाक मात्र कोणी उघडत नाही. तिला इंजिन नाही, मग तिचं काय बघायचं, असा आपला हिशोब असतो. म्हणून आज ट्रॉलीच्या चाकातल्या बेरिंगबद्दल बोलायचं ठरवलं आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. संध्याकाळी मी बीडहून चौसाळ्याकडे येत होतो. मांजरसुंबा मागं टाकल्यावर रस्त्याच्या कडेला ऊसतोड कामगारांची एक ट्रॉली उभी दिसली. डाव्या चाकाच्या हबमधून धूर निघत होता आणि एक पोरगा त्यावर घागरीनं पाणी ओतत होता. मी थांबलो. मालक म्हणाला, "साहेब, परवाच नवं बेरिंग टाकलंय." चाक काढलं तर रोलरचे तुकडे ग्रीसमध्ये मिसळून हातात आले. आसावर बोटाच्या नखाला लागतील असे चरे पडले होते. ज्यानं बेरिंग बसवलं त्यानं पान्याला पाइप लावून, अंगातली सगळी ताकद घालून नट आवळला होता. आवळलेलं चांगलं, या समजुतीनं. बेरिंग चाळीस किलोमीटरसुद्धा गेलं नाही. आणखी दोन-चार मैल गेले असते तर चाकच निघालं असतं, आणि वर सात कुटुंबं होती. ती रात्र त्यांनी थंडीत रस्त्यावर काढली आणि पुढं तीन दिवसांचा खाडा झाला.

आता हे बेरिंग असतं कसं ते बघू. प्रत्येक चाकाच्या हबमध्ये दोन बेरिंगं असतात. आतल्या बाजूचं बहुधा मोठं, बाहेरचं लहान. त्यांतले रोलर निमुळते असतात, म्हणून मेकॅनिक त्याला टेपर बेरिंग म्हणतात. त्याचे दोन भाग सुटे होतात. कप हबमध्ये घट्ट बसतो, आणि कोन रोलरसकट आसावर बसतो. निमुळता आकार अशासाठी की वरचं वजनही पेलावं आणि वळणावर चाकाला बसणारा बाजूचा रेटाही सोसावा. गंमत अशी की हे बेरिंग मोटारीसाठी निघालेलं नाही. अमेरिकेत सेंट लुईस शहरात घोडागाड्या बनवणारे हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली त्याचं पेटंट घेतलं, ते गाड्यांच्या चाकांसाठीच. आपल्या वाडवडिलांनी लाकडी चाकाच्या तुंब्यात वंगण घालून जे साधलं, तेच काम हे बेरिंग करतं, फक्त जास्त भाराखाली आणि जास्त वेगानं.

बेरिंग विकत घेताना "ट्रॉलीचं बेरिंग द्या" असं म्हणू नका. जुनं बेरिंग पुसून त्यावरचा नंबर वाचा आणि तो चिठ्ठीवर लिहून न्या. नंबरातले शेवटचे दोन आकडे पाचानं गुणले की आतल्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये येतं. म्हणजे ३०२०८ मध्ये आठ पंचे चाळीस, भोक ४० मिलिमीटरचं. पण तेवढ्यावर भागत नाही. ३२२०८ चं भोकही ४० आणि बाहेरचा व्यासही दोघांचा ८० मिलिमीटरच. फरक रुंदीत आहे. पहिलं १९.७५ मिलिमीटर, दुसरं २४.७५. दुकानात हातावर घेतलं तर दोन्ही सारखी वाटतात, हबमध्ये घातल्यावर मात्र नट आणि खीळ जागेवर येत नाही. मग मेकॅनिक वॉशर घालून जुळवतो, आणि बिघाडाची सुरुवात तिथूनच होते. आसाची जागा आधीच झिजलेली असेल, तर जुन्या बेरिंगवरही विसंबू नका. आसाचं माप घेऊन मगच जा.

नकली माल बाजारात आहे. खोका हुबेहूब असतो. बेरिंगवरचा नंबर कोरलेला आहे की नुसता छापलेला, अक्षरं वाकडीतिकडी आहेत का, हे बघावं. आणि पक्कं बिल मागावं. बिल द्यायला दुकानदार कां-कूं करू लागला तर माल तिथंच ठेवून उठावं. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कप आणि कोन जोडीनंच बदलायचे. जुना कप चांगला दिसतो म्हणून हबमध्येच ठेवून नुसता कोन नवा घालणं ही बचत नाही.

आता उघडण्याचं काम. ट्रॉली रिकामी करून सपाट जागेवर घ्या, दुसऱ्या चाकांना दगड लावा, जॅक लावून आसाखाली लाकडी ओंडका द्या. नुसत्या जॅकवर विसंबून खाली वाकू नका. बेरिंग काढून रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवा आणि स्वच्छ फडक्यानं पुसा. पंक्चरच्या दुकानातल्या हवेच्या नळीनं बेरिंग गरागरा फिरवून वाळवायची पोरांना हौस असते. ते अजिबात करू देऊ नका. कोरडं बेरिंग त्या वेगानं खराब तर होतंच, शिवाय रोलर सुटून डोळ्याला लागू शकतो.

धुतल्यावर उजेडात धरून बघा. रोलर चकचकीत करडे असतील तर ठीक. निळसर किंवा तपकिरी झाक असेल तर ते तापलेलं आहे, टाकून द्या. कपावर रोलरइतक्या अंतरावर आडव्या खुणा असतील तर खड्ड्यांचा दणका बसलेला आहे. पोपडे उडाले असतील तर त्याचं आयुष्य संपलं. तांबूस गंज असेल तर सील गेलं आणि पाणी आत शिरलं असं समजा. उसाच्या फडात पाटाचं पाणी असतं. लांबून तापून आलेला हब एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलजवळून पाणी आत ओढलं जातं. म्हणून वाहून आल्यावर लगेच पाण्यात उभं राहणं टाळावं, आणि ट्रॉली धुताना पाण्याचा फवारा हबवर रोखू नये.

ग्रीस कोणतं? डब्यावर लिथियम आणि नंबर दोन किंवा तीन असं लिहिलेलं घ्यावं. जुनं कोणतं आहे ते ठाऊक नसेल तर सगळं पुसून काढा. दोन जातींची ग्रीस एकत्र आली की पुष्कळदा पातळ होऊन गळून जातात. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या, बेरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहा. ग्रीस रोलरमधून दुसऱ्या बाजूनं वर येईपर्यंत दाबायचं. नुसतं वरून थापून उपयोग नाही. हबची पोकळी मात्र काठोकाठ भरू नका, तिसरा हिस्सा भरला तरी पुरे. जास्त भरलं की ते तापतं आणि सील बाहेर ढकलतं. ऑइल सील दर वेळी नवं घालावं, आणि ज्या बाजूला बारीक स्प्रिंग दिसते ती बाजू आत, बेरिंगकडे ठेवावी.

सगळ्यांत जास्त चुका होतात त्या नट आवळताना. म्हणून हे सावकाश सांगतो. चाक हातानं फिरवत राहा आणि फिरवता फिरवताच नट आवळा. चाक जड लागलं की रोलर जागेवर बसले. आता नट मागं सोडायचा, एका फेऱ्याच्या सहाव्या हिश्श्यापासून पाव फेऱ्यापर्यंत. षटकोनी नटाची एक बाजू म्हणजे सहावा हिस्सा, हे सोपं माप. चाक मोकळं फिरलं पाहिजे. मग वर आणि खाली धरून चाक हलवून बघा. वहीच्या कागदाच्या जाडीइतकी, जाणवेल न जाणवेल अशी हालचाल असावी. खडखड वाजलं तर सैल आहे, फिरताना अडलं तर घट्ट. खाच जुळेना तर नट थोडा सैल बाजूला न्यावा, घट्ट बाजूला नाही. शेवटी नवी स्प्लिट पिन घालून टोकं दुमडा. पिनेच्या जागी खिळा किंवा तार घालणाऱ्याला चार शब्द सुनवायला हरकत नाही.

वेल्डिंगचीही एक गोष्ट आहे. ट्रॉलीचा पत्रा किंवा चॅसी जोडताना वेल्डिंगची अर्थिंग जोडाच्या अगदी जवळ लावायला सांगा. ती चाकाला किंवा आसाला अडकवली तर वीज बेरिंगमधून जाते आणि रोलरवर बारीक खड्डे पाडते.

आता वजनाचं. रोलर बेरिंगच्या आयुष्याचं गणित ठरलेलं आहे. भार सव्वापट केला तर आयुष्य जवळजवळ निम्मं होतं, दीडपट केला तर चौथाईवर येतं आणि दुप्पट केला तर दहावा हिस्सा उरतो. खेप वाचली म्हणून जे पैसे वाचले असं वाटतं, ते पुढं बेरिंगच्या दुकानात जातात.

ज्यांची बैलजोडीची टायरगाडी आहे, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. बैलाच्या चालीनं हब तापत नाही, म्हणून हात लावून काही कळायचं नाही. तिथं बेरिंग मरतं ते धुळीनं, पाण्यानं आणि दणक्यानं. गाडी कारखान्याची असली तरी ताब्यात घेतानाच चाक उचलून फिरवा आणि कान देऊन ऐका. घरघर आली तर तिथंच बदलून मागा. बेरिंग घट्ट झालं तर सगळा ताण बैलांच्या खांद्यावर येतो.

हंगाम संपून पट्टा पडला की ट्रॉली पावसात तशीच उभी राहते. पाऊस लागायच्या आधी एकदा हब उघडून ग्रीस बदलून ठेवावं.

सोबत एका पत्र्याच्या डब्यात आतलं-बाहेरचं एकेक बेरिंग कपासकट, एक सील, चार-सहा पिना आणि पाव किलो ग्रीस ठेवा. डब्याला झाकण असावं, नाहीतर वाटेत त्यात माती भरते.

निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर पहिला थांबा घ्या. नगरकडे जाणाऱ्यांनी मांजरसुंब्याला, सोलापूरकडे जाणाऱ्यांनी पारगावच्या पुढं. उतरून प्रत्येक हबला हाताची मागची बाजू लावा. सगळे हब सारखेच कोमट असले तर पुढं चला. एकच जास्त तापला असेल, हात टिकत नसेल, तर पाणी ओतू नका. माणसं खाली उतरवा, चाक निवू द्या आणि नट तपासा.