दर्या आणि दऱ्या

कवीने संगणकातल्या बिघाडावर बोलावं, याचं तुम्हाला जरा नवल वाटेल. पण ही गोष्ट माझ्या आईवरच्या कवितेपासूनच सुरू होते.

मी कोकणातला. पुढ्यात दर्या, पाठीशी सह्याद्री. आई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन दऱ्या उतरून घरी यायची. तेच मी कवितेत लिहिलं. एका मासिकाने लेखकांसाठी संगणकावर सोय केली होती. तिथल्या चौकटीत मजकूर चिकटवायचा, तो पुढे छपाईला जायचा. अंक हाती आला आणि पाहतो तर 'दर्या उतरून यायची' असं छापलेलं! एका वाचकाचं पत्रही आलं, 'समुद्रापलीकडून आलेल्या आपल्या पूर्वजांचं चित्र फार सुंदर रेखाटलंत.' माझी आई इथल्याच मातीतली, तालुक्याबाहेरही क्वचितच गेलेली. एका अक्षरापायी तिचा गाव हिरावला गेला.

मी संतापून ती प्रणाली सांभाळणाऱ्यांना ई-मेल धाडली, 'तुमची प्रणाली मराठीची वाट लावते. ताबडतोब सुधारा.' उत्तर आलं, 'आमच्याकडे सर्व व्यवस्थित दिसतं.' मी आणखी संतापलो.

माझा भाचा सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात आहे. त्याने माझी ई-मेल वाचली आणि हसून म्हणाला, "मामू, यात तुमचा राग आहे, बिघाड कुठाय? तुम्ही काय केलंत, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं तीनच गोष्टींत सांगा. समोरच्याला तो बिघाड त्याच्या संगणकावर पुन्हा घडवता आला पाहिजे. दिसलाच नाही, तर दुरुस्त काय करणार?" फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या 'बगझिला' या नोंदवहीतही तक्रारदाराला हेच विचारतात, असं त्याने सांगितलं.

मग आम्ही दोघे बसलो. आधी सबंध कविता बाजूला ठेवली, एकच शब्द घेतला. संगणकावर टंकलेला 'दऱ्या' बिघडत होता, फोनवर टंकलेला शाबूत राहत होता. भाच्याने उलगडा केला. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात 'ऱ' हे वेगळंच अक्षर असतं. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द जुळ्या भावांसारखे!

नवी ई-मेल अशी लिहिली : '१. संगणकावर दऱ्या हा शब्द टंकला. २. तुमच्या चौकटीत चिकटवला. ३. जतन करून पुन्हा उघडला. हवं होतं : दऱ्या. झालं : दर्या. १० वेळा करून पाहिलं, १० वेळा हेच. फोनवरून टंकलेला शब्द मात्र नीट राहतो.' सोबत संगणकावर कोणती प्रणाली आहे, ब्राउझर कोणता, त्याची आवृत्ती कोणती, तेही लिहिलं. मी पडद्याचा फोटो जोडणार होतो. भाचा म्हणाला, "फोटोही द्या, पण न दिसणारं चिन्ह त्यात कसं दिसणार? शब्द असलेली मूळ फाइलच जोडा." प्रणाली ते चिन्ह गाळत असावी, असा आमचा कयास होता. तो शेवटी लिहिला, आणि कयास आहे असं सांगूनच. आपला अंदाज चुकला, तर समोरचा माणूस भलत्याच वाटेला लागतो.

या खेपेला 'बघतो' असं नाही, 'सापडलं' असं उत्तर आलं. न दिसणारी चिन्हं कचरा समजून झाडून टाकली जात होती. आठवडाभरात दुरुस्ती झाली, मासिकाने शुद्धिपत्रही छापलं.

श्रोतेहो, माझा राग खोटा नव्हता. पण राग वाचून कुणाला बिघाड सापडत नाही. उपमा, उत्प्रेक्षा कवितेला शोभतात. बिघाड कळवताना मात्र घडलं तसं, घडलं त्या क्रमाने सांगावं. पलीकडेही कामाच्या रगाड्यात बसलेला एक माणूसच असतो.

आता त्या मासिकात आचाऱ्यांना दिलेलं जेवणाचं कंत्राट आचार्यांना जात नाही. आणि माझी आई पुन्हा दऱ्याच उतरून घरी येते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)